नगराध्यक्ष : शिरूर आणि दौंड

नगरपरिषदेचा निवडून आलेला प्रमुख. महापौर महानगरपालिकेत असतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्याच्या ठिकाणी नगरपरिषदा असल्याने तेथील प्रथम नागरिकाचा मान नगराध्यक्षाकडे जातो. पदाची कर्तव्ये व अधिकार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याने ठरतात. २०११च्या जनगणनेत शिरूर शहराची लोकसंख्या सुमारे ३७ हजार आणि दौंडची सुमारे ४९ हजार होती. चाळीस हजारांपर्यंतचे शहर ‘क’ वर्गात आणि त्यापुढे एक लाखापर्यंतचे ‘ब’ वर्गात, असा लोकसंख्येचा निकष आहे. शिरूर ही घोड नदीकाठची जुनी ब्रिटिश छावणी; जुनी माणसे गावाला अजून घोडनदीच म्हणतात. तेथील नगरपालिका १८६८ची. दौंड भीमेकाठी असले तरी वाढले ते रेल्वे जंक्शनमुळे.

कायद्याने नगराध्यक्षावर टाकलेली कामे थोडक्यात सांगता येतात. सभा बोलावणे, तिचे अध्यक्षस्थान घेणे, परिषदेच्या आर्थिक व कार्यकारी कारभारावर लक्ष ठेवणे, अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या कामावर देखरेख करणे. आणीबाणीच्या प्रसंगी एखादे काम ताबडतोब करण्याचा किंवा थांबवण्याचा आदेश ते देऊ शकतात, मात्र त्याची माहिती कारणांसह परिषदेपुढे ठेवावी लागते. प्रशासन चालवतो तो शासनाने नेमलेला मुख्याधिकारी. कर्मचारी त्याच्या हाताखाली आणि फायलींचा प्रवासही त्याच्याच टेबलावरून. लोक मात्र आपले गाऱ्हाणे घेऊन येतात ते नगराध्यक्षाकडे. या दोन गोष्टींमधले अंतर भरून काढण्यात त्यांचा बहुतेक दिवस जातो.

सकाळी पहिली तक्रार बहुधा पाण्याची. अमुक गल्लीत पाणी आले नाही, आले तर दाब नव्हता, किंवा गढूळ आले. मग व्हॉल्व्हमनला फोन, पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याला फोन, गरज पडली तर टँकर. त्यामागोमाग घंटागाडी न आल्याची, गटार तुंबल्याची, बंद पडलेल्या पथदिव्याची आणि मोकाट कुत्र्यांची तक्रार. दालनात बसले की घरपट्टीची आकारणी जास्त झाली म्हणणारे, नोंद लावून हवी असणारे, टपरी हलवू नका म्हणणारे आणि त्याच टपरीने रस्ता अडला म्हणणारे, असे सगळेच येतात. यातली पुष्कळशी कामे नगराध्यक्षाच्या सहीने होत नाहीत. संबंधित विभागाला सांगणे आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारणे एवढेच त्यांच्या हाती असते. चिकाटीने पुन्हा विचारणारा नगराध्यक्ष आणि एकदा सांगून विसरणारा नगराध्यक्ष यांच्या कारकिर्दीतला फरक गावाला वर्षभरात कळतो.

पदाचे खरे बळ दिसते सर्वसाधारण सभेत. दोन सर्वसाधारण सभांमध्ये दोन महिन्यांहून अधिक अंतर पडू नये असा नियम आहे. विषयपत्रिका नगरसेवकांना आधी पोहोचते. सभेत विषय वाचला जातो, सूचक आणि अनुमोदक नावे देतात, चर्चा होते, ठराव होतो. मते समसमान पडली तर अध्यक्षांचे निर्णायक मत असते. कोणता विषय पत्रिकेवर घ्यायचा आणि कोणाला किती वेळ बोलू द्यायचे, हे ठरवण्याचे मोल ज्याने एक तरी गरम सभा पाहिली त्याला सांगावे लागत नाही. ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटल्यास जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, म्हणून इतिवृत्त काळजीपूर्वक लिहून घेणे हेही अध्यक्षांचेच काम मानले पाहिजे. स्थायी समितीचे सभापतिपदही नगराध्यक्षाकडेच असते.

या दोन शहरांत महत्त्वाची पुष्कळ कामे नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर अडतात. शिरूरला घोड नदीचा आधार, पण नदीवर वर आंबेगाव तालुक्यात डिंभे धरण आहे आणि पाणी केव्हा सोडायचे ते जलसंपदा विभाग ठरवतो. दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन हवे असते. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, त्यामुळे महानगराचे सांडपाणी खालच्या अंगाला दौंडच्या वाट्याला येते. उन्हाळ्यात आवर्तन लांबले की पाणी एक दिवसाआड की दोन दिवसांआड, हा निर्णय लोकांना सांगण्याची वेळ नगराध्यक्षावर येते. धरणाच्या दरवाजावर त्यांचा अधिकार नसतो.

दौंडची कुरकुंभ मोरी हे याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत आणि रुळांखालून जाणाऱ्या या अरुंद मोरीतून शाळेची मुले, रिक्षा, दुचाक्या, बाजाराला निघालेली माणसे असे सगळेच जातात. समोरासमोर दोन मोठी वाहने आली की खोळंबा, आणि जोराचा पाऊस झाला की आत पाणी. शहराची ही रोजची वाट असली तरी वरून रेल्वे जाते, त्यामुळे तेथे रेल्वेच्या मंजुरीशिवाय काम होत नाही. रेल्वे कार्यालयाशी पत्रव्यवहार, आमदार-खासदारांकडे खेटे, निधीची तरतूद, पुन्हा पत्र असा हा क्रम नगराध्यक्ष बदलला तरी पुढे चालू राहतो. पदाचे मोजमाप करायचे तर उद्घाटनाच्या कोनशिलांपेक्षा या पत्रव्यवहाराची फाईल आधी उघडावी, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

निवडीची पद्धत वारंवार बदलली आहे. काही काळ नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला गेला, काही काळ नगरसेवकांतून. डिसेंबर २०१६मध्ये शिरूर व दौंडमध्ये थेट निवडणूक झाली. २०२०मध्ये ती पद्धत रद्द झाली व २०२२मध्ये पुन्हा आणली गेली. थेट निवडीत अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, असे होऊ शकते; मग साधे विषयही ताणले जातात. आधीच्या सभागृहांची मुदत संपल्यावर राज्यातील निवडणुका आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे लांबल्या आणि कारभार सुमारे चार वर्षे प्रशासकांकडे राहिला. त्या काळात प्रस्ताव आणि मंजुरी दोन्ही प्रशासनाच्याच हाती होत्या, आणि तक्रार घेऊन जायला अध्यक्षांचे दालन नव्हते. राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५मध्ये झाल्या.