तळे, जाळे आणि मत्स्यबीज

सोलापूरचा इतिहास सांगताना भुईकोट किल्ला, गिरण्या आणि चादरी यांचे वर्णन सर्वजण करतात. परंतु तळ्यांवर उपजीविका करणाऱ्या आपल्या भोई समाजाचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो. वस्तुतः या अवर्षणग्रस्त प्रदेशात हे नगर तळ्यांच्या आधारानेच नांदले. बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी येथे तळे खोदविले. त्याच शतकात अंबिगर चौडय्या हा नावाडी शरणांच्या मेळ्यात वचनकार म्हणून मान्यता पावला. पाण्यावर पोट भरणाऱ्याच्या वाणीलाही त्या काळी मान होता, हे यावरून दिसते. पुढे आदिला नदीवर बांध घालून १८७१ साली एकरुखचा, म्हणजेच हिप्परग्याचा, तलाव पुरा झाला.

लहान तळ्याचा स्वभाव नदीहून निराळा असतो. मरळ साचलेल्या पाण्यातच अंडी घालते, पिलांची राखण करते आणि हवेतून श्वास घेऊ शकत असल्यामुळे उन्हाळ्यातील आटलेल्या डबक्यातही तग धरते. याउलट रोहू, कटला व मृगळ यांना विणीसाठी पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. तळ्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. म्हणून त्यांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. पूर्वजांपाशी जाळे होते, गळ होता, पाण्याची पारखही होती. बीज मात्र निसर्गाच्या हाती होते.

१० जुलै १९५७ रोजी ओरिसात ही अडचण दूर झाली. डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात या जातींची वीण घडवून आणली. तेव्हापासून तळ्यात बोटुकली सोडून मासे वाढविणे सुलभ झाले. कटला वरच्या थरातील, रोहू मधल्या थरातील आणि मृगळ तळाशी असलेले खाद्य खातो. त्यामुळे एकाच तळ्यात तिघांचे सुखाने निभते. अशा रीतीने मासे धरण्याचा धंदा मासे पोसण्याचा झाला.

या पालटाचा अर्थ समाजाने नीट ओळखला पाहिजे. केवळ जाळे टाकणाऱ्याला आता तळे पुरेसे नाही. बीज केव्हा सोडावे, किती सोडावे, पाणी किती महिने टिकेल, याचा हिशेब ज्याला येतो त्याचेच तळे. सहकारी संस्था कागदोपत्री आपली, आणि भांडवल व हिशेब परक्याच्या हाती, अशी स्थिती जेथे येते तेथे आपला बांधव स्वतःच्याच तळ्यावर मजूर ठरतो.

पालखीचे ओझे आपल्या खांद्यांवरून कधीच उतरले. तळ्याचे ज्ञान मात्र उतरू देता कामा नये. म्हणून आपल्या मुलामुलींनी मत्स्यशास्त्र शिकावे, संस्थेचे दप्तर स्वतः वाचावे आणि वडिलांपाशी बसून पाणी ओळखण्याची विद्याही घ्यावी. या दोन्ही विद्या एका घरात नांदतील, तरच पुढील पिढीच्या हाती तळे राहील.