एल्मच्या सालीखालची तपकिरी रेघ

तुरीवर मर पडली की शेतकरी वाळत चाललेलं झाड उपटतो, खोड उभं चिरतो आणि आतल्या काळपट रेघा बघून खात्री करून घेतो. युरोप-अमेरिकेतल्या शहरांत एल्म वृक्षाचीही पारख अशीच होते. ऐन उन्हाळ्यात, बाकी झाड हिरवंगार असताना, शेंड्याकडची एखादीच फांदी पिवळी पडते. पानं मुरडतात, तपकिरी होतात. त्या फांदीची साल सोलली की खालच्या लाकडावर लांब तपकिरी रेघा दिसतात. आडवा काप घेतला तर त्याच रेघांचं ठिपक्याठिपक्यांचं कडं दिसतं. ही रेघ ओळखायला आणि तिचा अर्थ लावायला माणसाला बरीच वर्षं लागली.

पहिलं महायुद्ध संपता संपता नेदरलँड्स, बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये एल्म वाळू लागले. कुणी दुष्काळाला दोष दिला, कुणी युद्धातल्या विषारी वायूंना. डिना स्पीरेनबर्ग यांनी १९२१ मध्ये या अनोळखी रोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. बार्न इथल्या प्रयोगशाळेत, नेदरलँड्सच्या पहिल्या महिला प्राध्यापक योहाना वेस्टरडाइक यांच्या मार्गदर्शनाखाली, बेआ श्वार्त्स यांनी १९२२ मध्ये रोगाचं मूळ एका बुरशीत असल्याचं मांडलं. अनेक शास्त्रज्ञांना ते पटेना. अखेर त्याच प्रयोगशाळेतल्या क्रिस्टीन बाउसमन यांनी १९२७ मध्ये निरोगी झाडांना बुरशी टोचून तोच रोग घडवून दाखवला आणि वाद मिटला. डच संशोधकांच्या या कामामुळेच जगभर त्याला डच एल्म रोग म्हणतात.

बुरशीची वाहतूक करतात सालीत राहणारे छोटे भुंगेरे. मरणपंथाला लागलेल्या एल्मच्या सालीत ते अंडी घालतात. नवी पिढी अंगाला चिकट बीजाणू लावूनच बाहेर पडते आणि निरोगी झाडाच्या डहाळ्यांच्या बेचक्यात कुरतडायला बसते. तिथून बुरशी पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत शिरते. तिला अडवण्यासाठी झाड स्वतःच या नलिका बुजवतं आणि त्यामुळेच पाण्यावाचून वाळतं. रस्त्याकडेला ओळीने लावलेल्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात. बुरशी त्या वाटेनेही शेजारच्या झाडात जाते.

भुंगेऱ्याला समुद्र ओलांडता येत नाही. त्याला पलीकडे नेलं ते माणसाच्या व्यापाराने. फर्निचरसाठी लागणाऱ्या लाकडाच्या पातळ थरांसाठी युरोपातून एल्मचे ओंडके अमेरिकेत गेले आणि १९३० मध्ये ओहायोत रोग सापडला. एल्मच्या कमानींखालून जाणारे अमेरिकी शहरांचे रस्ते पुढच्या काही दशकांत बोडके झाले. भुंगेरे मारायला डीडीटीची फवारणी झाली. ते विष पानांतून गांडुळांत आणि गांडुळांतून रॉबिन पक्ष्यांत गेलं. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये या पक्ष्यांच्या मृत्यूची कहाणी जगापुढे आणली. साठच्या दशकात उलटा प्रवास झाला. उत्तर अमेरिकेतून ब्रिटनमध्ये आलेल्या ओंडक्यांबरोबर बुरशीची कितीतरी जहाल जात आली. तिने तिथले अडीच कोटींहून अधिक एल्म संपवले.

या इतिहासात हिमालयालाही स्थान आहे. १९९५ मध्ये ब्रेझियर आणि मेहरोत्रा यांनी पश्चिम हिमालयातल्या एल्मवर याच कुळातली तिसरी जात नोंदवली. तिथे बुरशी, भुंगेरा आणि वृक्ष एकत्र नांदतात, साथ उसळत नाही. हिमालयातल्या या एल्मचा संकर करून डच पैदासकारांनी रोगाला तोंड देणारी वाणं तयार केली. ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवर आजही हजारो एल्म उभे आहेत, त्यामागे अशी वाणं आणि काटेकोर देखरेख दोन्ही आहेत.

रोग झाडात पसरला की त्यावर खात्रीचा इलाज नाही. मौल्यवान झाडांना खोडातून बुरशीनाशक टोचतात, पण ते खर्चिक आहे आणि ठरावीक काळाने पुन्हा करावं लागतं. खरा भर स्वच्छतेवरच आहे. कॅनडातल्या विनिपेग शहरात १९७५ मध्ये रोग पोहोचला, तरी तिथे आजही एल्मची मोठी नगरवनं टिकून आहेत. दर उन्हाळ्यात माणसं झाडन्‌झाड तपासतात, रोगट झाडावर खूण करतात, ते तोडून लाकडाची विल्हेवाट लावतात. भुंगेरे ताज्या जखमेच्या वासाने येतात, म्हणून मॅनिटोबा प्रांतात १ एप्रिल ते ३१ जुलै या काळात एल्मची छाटणी करायला कायद्याने बंदी आहे. एल्मचं सरपण साठवायलाही मनाई आहे.

कॅनडा, अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांच्या अंगणात वा रस्त्यावर एल्म असेल, तर जूनपासून शेंड्यांकडे लक्ष ठेवा. एखादीच फांदी अवेळी पिवळी दिसली, तर स्वतः कुऱ्हाड न लावता नगरपालिकेच्या वृक्ष विभागाला कळवा. आणि एल्मचं साल असलेलं लाकूड, फुकट मिळालं तरी, गाडीत घालून दुसऱ्या गावी नेऊ नका.