पुस्तकाला कायदा होता, तबकडीला नव्हता : विस्मृत रॉक-ध्वनिमुद्रिकांचा मागोवा

१. पुण्याच्या बुधवार पेठेत दोन बाजार एकमेकांच्या जवळ नांदतात. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचा आणि तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा. एकीकडे छापील शब्द, दुसरीकडे आवाज उमटवणारी यंत्रे. आजचा धागा या दोहोंच्या मध्ये हरवलेल्या एका वस्तूविषयी आहे : १९७० च्या सुमारास आपल्याकडे निघालेल्या रॉक आणि सायकेडेलिक संगीताच्या तबकड्या. त्या का विसरल्या गेल्या आणि त्यांचा शोध इतिहासाच्या अभ्यासकाने कसा घ्यावा, हे क्रमाने पाहू.

२. प्रथम संज्ञा. बीटल्सच्या लाटेनंतर अमेरिकेतील असंख्य तरुणांनी गिटार हाती घेतले आणि घरच्या मोटारखान्यात सराव करून खडबडीत, पण उत्कट गाणी मुद्रित केली. त्या संगीताला 'गॅरेज रॉक' हे नाव मागाहून चिकटले. १९७२ साली लेनी के याने 'नगेट्स' हा दुहेरी संग्रह इलेक्ट्रा कंपनीसाठी संपादित केला. त्यात २७ गाणी होती, त्यांपैकी बरीचशी विस्मृतीत गेलेली. ती एकत्र येताच त्यांची एक परंपरा दिसू लागली. विस्मृतीतून बाहेर काढण्याचे काम अनेकदा संपादक करतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

३. आपल्याकडे ही लाट पोहोचली ती रेडिओ सिलोन आणि परदेशांतून येणाऱ्या तबकड्यांच्या मार्गाने. १९६७ पासून कोलकात्याहून निघणाऱ्या 'ज्युनियर स्टेट्समन' या साप्ताहिकाने तिला छापील आधार दिला. मात्र विदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांवर आयातीचे कडक निर्बंध होते. त्यामुळे अनेक गटांनी देशी बनावटीची वा स्थानिक कारागिरांनी जुळवलेली साधने वापरली. ज्या प्रकारच्या कारागिरीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तापकीर गल्ली आज ओळखली जाते, तिच्याशी या संगीताचे नाते जवळचे आहे. विजेच्या जोडणीवाचून हे संगीत उभेच राहत नाही.

४. या चळवळीला व्यासपीठ मिळाले ते एका सिगारेटच्या जाहिरातीतून. इम्पीरियल टोबॅको कंपनीने, म्हणजे पुढच्या आयटीसीने, आपल्या 'सिमला' या सिगारेटच्या प्रचारासाठी 'सिमला बीट' ही अखिल भारतीय स्पर्धा भरवली. निरनिराळ्या शहरांतील गट निवडले जात आणि अंतिम फेरी मुंबईत होई. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धांतील गटांची गाणी दोन एलपी तबकड्यांवर मुद्रित झाली. भारतीय गॅरेज रॉकचा विचार करताना या दोन तबकड्यांपासूनच आरंभ करावा लागतो.

५. १९७० च्या तबकडीवरील नावे पाहिली तरी देशाचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. शिलाँगचा फेन्टोन्स, बंगळूरचा डायनोसॉर्स, मुंबईचा व्हेल्वेट फॉग. काही गाणी विलायती गाण्यांच्या नकला आहेत, तर काही स्वतंत्र रचना. गायन इंग्रजीत आहे, वादनात घाई आहे, ध्वनिमुद्रण साधे आहे. तरीही त्या काळच्या तरुणांच्या मनाची धडधड तीत जशी ऐकू येते, तशी चित्रपटगीतांत सापडत नाही. हे गट चित्रपटाच्या निर्मात्यासाठी गात नव्हते. ते स्वतःसाठी गात होते.

६. याच काळाचा एक पदर पुणे जिल्ह्यात आहे. लोणावळ्याशेजारच्या मळवली येथे १९७१ साली 'स्नेहयात्रा' हा संगीतमेळा भरला. अमेरिकेतील वुडस्टॉकच्या महोत्सवाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आज पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरणारे बहुतेक जण कार्ले-भाजे लेणी किंवा लोहगड-विसापूर पाहावयास जातात. सातवाहनकालीन लेण्यांच्या पायथ्याशी भारतीय रॉकच्या इतिहासातील एक पान लिहिले गेले, हे फारसे कोणी सांगत नाही.

७. आता मुंबईचा 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' हा गट. कर्कश, घुमणारे गिटार आणि नृत्यास योग्य ताल यांचा मेळ त्यांच्या वादनात होता. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही एकच एलपी तबकडी निघाली. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. नावात ७७ असले तरी म्युझिक इंडिया कंपनीने ती १९८१ साली बाजारात आणली. तोवर काळ पालटला होता. डिस्कोचे वारे वाहत होते. एखाद्या साधनाच्या नावातील वर्ष आणि त्याच्या प्रकाशनाचे वर्ष वेगळे असू शकते, हा धडा ताम्रपटाइतकाच तबकडीलाही लागू पडतो.

८. हे सारे इंग्रजाळलेल्या महानगरातील खूळ होते, मराठीशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न येईल. उत्तर आहे नंदू भेंडे. रंगकर्मी आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे हे पुत्र व्हेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा गटांतून रॉक गात. अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी जुडास साकारला. पुढे पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ साली रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील नायक अंकुशची भूमिका त्यांनीच केली. ब्रेख्तच्या नाटकाचा हा मराठी अवतार. त्यात लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच रंगमंचावर आले.

९. म्हणजे मुंबईच्या क्लबांतील तो आवाज पुण्याच्या नाट्यसंस्थेमार्फत मराठी प्रेक्षकापर्यंत पोहोचला होता. २०१४ साली नंदू भेंडे निवर्तले, तेव्हा अनेकांना ते आठवले ते नाटक आणि दूरदर्शन मालिका यांमुळे. त्यांच्या रॉक-कारकिर्दीचा अध्याय मात्र तळटीपेत गेला. येथेही एक दक्षता हवी. गटाचे नाव टिकते, माणसे बदलतात. १९७० च्या तबकडीवर व्हेल्वेट फॉगचे नाव आहे, एवढ्यावरून तो आवाज भेंडे यांचाच, असे अनुमान काढू नये.

१०. पुण्याचा आणखी एक दुवा अनपेक्षित दिशेने येतो. जॉर्ज डॉयटर हा जर्मन संगीतकार. १९७१ साली 'डी' या नावाची त्याची प्रयोगशील तबकडी जर्मनीतील कुकुक कंपनीने काढली; सायकेडेलिक संगीताचे संग्राहक आजही ती शोधतात. पुढे तो कोरेगाव पार्कच्या आश्रमात राहिला आणि तेथील ध्यानपद्धतींसाठी त्याने संगीत रचले. बुधवार पेठेपासून थोड्याच अंतरावर घडलेले हे काम जर्मन संगीताच्या इतिहासात नोंदले गेले. पुण्याच्या सांगीतिक इतिहासात त्याला जागा क्वचितच मिळते.

११. मग या तबकड्या हरवल्या कशा? पहिले कारण व्यापाराचे. ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आपली एचएमव्ही, कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यातून तबकड्या काढी. तिचे आणि पॉलिडॉरसारख्या स्पर्धकांचे गणित चित्रपटगीतांवर चाले. इंग्रजी गाणारे देशी गट म्हणजे अल्प ग्राहकवर्ग. एकदा निघालेली आवृत्ती संपली की दुसरी निघण्याची आशा नसे. सिमला बीटच्या तबकड्या तर मुळातच जाहिरातीचा भाग. मोहीम संपली, त्यांचे प्रयोजनही संपले. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि घरोघरच्या तबकड्या माळ्यावर किंवा थेट रद्दीत गेल्या.

१२. दुसरे कारण कायद्याचे, आणि माझ्या मते तेच निर्णायक. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांत येतात. अप्पा बळवंत चौकात विकले जाणारे साधे मार्गदर्शक पुस्तकही या नियमात बसते. ध्वनिमुद्रिकेला मात्र तो लागू नाही. पुस्तक दुर्लक्षित राहिले तरी त्याची एक प्रत कोठेतरी असण्याची शक्यता असते. तबकडीचे अस्तित्व संग्राहकाच्या लहरीवर सोपवले गेले.

१३. तिसरे कारण भाषेचे. आपल्या सांस्कृतिक इतिहासाचे कप्पे भाषेनुसार पडतात. मराठी संगीताचा इतिहास लिहिणारा अभंग, नाट्यगीत, भावगीत, लावणी यांचा मागोवा घेतो. त्याला इंग्रजी गाणारा दादरचा मुलगा आपला वाटत नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या इतिहासकारालाही तो आपला वाटत नाही. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांसाठी मोलाचे काम केले. शास्त्रीय आणि नाट्यसंगीताचे कितीतरी आवाज त्यामुळे वाचले. बीट-गटांच्या पाठीशी मात्र असा संग्राहकवर्ग उभा राहण्यास उशीर झाला.

१४. परिणामी शोध लागला तो बाहेरून. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ताल-यंत्र यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तबकडी खपली नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची गाणी २०११ साली नाऊ-अगेन या अमेरिकी कंपनीने काढली. सिमला बीटच्या तबकड्याही युरोपात पुन्हा निघाल्या. मुंबईत घडलेले संगीत अशा रीतीने विदेशी आवृत्त्यांतून मुंबईला परत ऐकू आले.

१५. शोधाच्या आनंदात विवेक मात्र सुटू नये. चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा निघताच 'अ‍ॅसिड हाउस संगीताचा जनक भारतीय' असे मथळे झळकले. कारण त्या शैलीची आद्य मानली जाणारी शिकागोची तबकडी १९८७ सालची. पण आधी असणे आणि कारण असणे यांत अंतर आहे. शिकागोच्या तरुणांनी मुंबईची ती न खपलेली तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. एकाच प्रकारचे यंत्र दोन ठिकाणी पोहोचले आणि दोन्हीकडे त्याचा सारखा आवाज निघाला, हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे. त्याने सिंग यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. केवळ अभिमानाचा फुगा उतरतो.

१६. दुसरा विवेक हक्काचा. दुर्मीळ तबकडीची किंमत लिलावात वाढते, तिचे अनधिकृत पुनर्मुद्रण होते, आणि मूळ वादकाला त्यातून काही मिळेलच असे नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९७० साली प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रिका २०३१ च्या आरंभी सर्वांसाठी खुली होईल. प्रश्न इतकाच की तोवर ऐकण्याजोगी प्रत उरेल का? वाकलेली, बुरशी चढलेली तबकडी कायद्याने मुक्त झाली तरी कानाला उपयोगी नाही.

१७. म्हणून काही व्यावहारिक सूचना. जुनी तबकडी हाती आली की आधी वाजवू नका, वाचा. मधल्या कागदी चकतीवर कंपनी, क्रमांक आणि गतीचा उल्लेख असतो. एचएमव्हीच्या एलपीवर 'ईसीएलपी' असेल तर ती मोनो, 'ईसीएसडी' असेल तर स्टिरिओ. खोबण्या संपल्यावर आतल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक वेगळा टिपा. मुखपृष्ठ बदलले जाऊ शकते, हा क्रमांक सहसा खोटे बोलत नाही. मागील बाजूचा मजकूर, वादकांची नावे, छायाचित्रकाराचे नाव, पहिल्या मालकाने शाईने लिहिलेली तारीख यांचे छायाचित्र घ्या. तबकडी उभी ठेवा, आडवी रचू नका; ऊन आणि ओल टाळा.

१८. आणि माणसांना विचारा. त्या स्पर्धांत वाजवणारी पिढी आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे. कोणाच्या आजोबांनी महाविद्यालयात ड्रम वाजवले असतील, कोणाच्या मावशीने मळवलीचा मेळा पाहिला असेल. पेशव्यांच्या दप्तराची जुळवाजुळव करायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक राबले. या दप्तराला तेवढी सवड नाही. ध्वनिमुद्रकावर तासाभराची मुलाखत, दिनांक आणि स्थळासह, हेही अस्सल साधन आहे.

१९. माळ्यावर अशी एखादी तबकडी सापडली, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तिचा क्रमांक आणि छायाचित्र या धाग्याखाली नोंदवा. वाजवण्याचे यंत्र बंद पडले असेल, तर तापकीर गल्लीत चौकशी करून पाहा. कायद्याने जी नोंद ठेवली नाही, ती ठेवण्याचे काम आता वाचकांच्या हाती आहे.