हेगेलच्या ‘सर्वां’त कोण होते? (थ्रेड)

जागतिक इतिहासाला काही दिशा असते का? १८२२ ते १८३१ या काळात बर्लिन विद्यापीठात या विषयावर पाच वेळा व्याख्याने देणाऱ्या हेगेलचे उत्तर ‘होय’ असे होते. इतिहास म्हणजे स्वातंत्र्याच्या जाणिवेची प्रगती. (पुस्तक मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १८३७ मध्ये, टिपणांवरून सिद्ध झाले.)

त्याची मांडणी प्रसिद्ध आहे. पौर्वात्य जगात एकच स्वतंत्र, तो म्हणजे सम्राट, ग्रीस-रोममध्ये काही, आणि ख्रिस्ती-जर्मानिक युरोपात सर्व.

यातला ‘जाणीव’ हा शब्द निसटू देऊ नये. माणूस केवळ माणूस आहे म्हणून स्वतंत्र आहे, हे प्लेटो आणि ॲरिस्टॉटललाही उमगले नव्हते, असे हेगेल म्हणतो. शिवाय स्वातंत्र्य म्हणजे मनमानी नव्हे. ज्या कायद्यांत माणूस स्वतःचीच विवेकबुद्धी ओळखू शकतो, अशा कायद्यांच्या राज्यातच ते प्रत्यक्षात येते.

पण या ‘सर्वां’त नेमके कोण?

१७९१ मध्ये सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला. १७९४ मध्ये फ्रान्सला वसाहतींतील गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०२ मध्ये नेपोलियनने तिला पुन्हा कायद्याचा आधार दिला. पण वसाहत ताब्यात आणण्यासाठी धाडलेले त्याचे सैन्य पराभूत झाले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. ऑक्टोबर १८०६ मध्ये येना शहरात घोड्यावरून जाणाऱ्या याच नेपोलियनमध्ये हेगेलला साक्षात विश्वात्मा दिसला!

पुढच्याच वर्षी त्याच्या ग्रंथात स्वामी आणि दास यांच्या संघर्षाचे विख्यात प्रकरण आले. त्यामागे वृत्तपत्रांतून वाचलेले हैती होते, असा युक्तिवाद सुझन बक-मॉर्स यांनी २००० मध्ये केला. पुरावा अप्रत्यक्ष आहे, तरी युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

इतिहासावरील व्याख्यानांत मात्र सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका इतिहासाबाहेरच ठेवलेली आहे. गुलामगिरी मुळातच अन्याय्य आहे, हे हेगेल मान्य करतो. पण माणसाने स्वातंत्र्यासाठी आधी परिपक्व व्हावे, म्हणून ती हळूहळू संपवणे शहाणपणाचे, असा सल्लाही देतो. हैतीतील लोकांनी अशा परिपक्वतेची वाट पाहिली नव्हती.

ही व्याख्याने चालू होती त्याच काळात, १८२५ मध्ये, हैतीला मान्यता देण्यासाठी फ्रान्सने १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ती जुन्या मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेपोटी होती. त्या मालमत्तेत मुक्त झालेली माणसेही धरलेली होती.