लूट, लूटी आणि पेकिनीज

इंग्रजीने हिंदुस्थानातून जे शब्द उचलले त्यांत ‘लूट’ हा शब्द आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. पण व्हिक्टोरिया राणीच्या एका कुत्रीचे नावही त्यावरूनच पडले होते, हे फारसे कुणाला माहीत नसते. तिचे नाव लूटी. जात पेकिनीज.

मानेभोवती आयाळ आणि चपटे नाक यांमुळे चीनमध्ये या कुत्र्याला सिंहाची उपमा मिळाली. राजवाड्यात त्याची मोठी बडदास्त असे. पुढे अफूचे दुसरे युद्ध झाले. त्याच्याशी आपलाही संबंध आहे: माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जाई आणि १८६०च्या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या. त्या ऑक्टोबरात इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि लॉर्ड एल्जिनच्या हुकुमावरून तो जाळण्यात आला. तिथे सापडलेल्या कुत्र्यांपैकी एक कॅप्टन डन याने राणीला नजर केले. तीच लूटी. १८६१ साली काइल या चित्रकाराने तिचे चित्र काढले. १८७२ साली ती वारली.

पुढे ही जात इंग्लंड-अमेरिकेत लोकप्रिय झाली. प्रदर्शनांत बक्षिसे मिळू लागली, तसे चेहरा अधिकाधिक चपटा करण्याकडे पैदास करणाऱ्यांचा कल वाढला. परिणामी श्वास घेणेच जड झालेली कुत्री जन्मू लागली. २००८ साली बीबीसीच्या एका माहितीपटानंतर गदारोळ झाला आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीचे निकष बदलले. नाकाचा भाग स्पष्ट दिसलाच पाहिजे, असे ठरले.

मुलांच्या हट्टाखातर पेकिनीज घरी आणायचा विचार असेल, तर हा इतिहास लक्षात ठेवावा. पिल्लू निवडताना आधी त्याच्या आई-बापांचा श्वास ऐकावा. घरघर ‘गोड’ वाटली तरी ती त्रासाचीच खूण असते. उन्हाळ्यात फिरायला पहाटे किंवा सूर्यास्तानंतर न्यावे. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बरा, म्हणजे गळ्यावर ताण येत नाही. डोळे मोठे व उघडे असल्याने त्यांना चटकन इजा होते; ते रोज पाहावेत. चेहऱ्यावरच्या घड्या पुसून कोरड्या ठेवाव्यात, केस नियमित विंचरावेत. पाठीचा कणा नाजूक असतो, त्यामुळे सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत आणि वजनही वाढू देऊ नये. कायमचे भारतात परतायचा बेत असेल तर आधीच चौकशी करावी, कारण अनेक विमान कंपन्या चपट्या नाकाची कुत्री सामानाच्या कक्षातून नेत नाहीत.

स्वभावाने हा प्राणी मानी. हाक मारली की धावत येईलच असे नाही. पण एकदा माणूस आपला मानला की त्याच्या पायाशी तासन् तास बसून राहतो. त्याच्या दिसण्याची हौस माणसाने केली. त्याचा भुर्दंड त्याच्या श्वासाला पडू नये, एवढी काळजी तरी आपण घ्यायला हवी.