शनिवारी थांबणारा घाणा

अठराव्या शतकात मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर अनेक कुटुंबे दक्षिणेतून झाशीत येऊन स्थिरावली. नेवाळकर घराणेही मूळचे कोकणातले. बाहेर बुंदेली आणि हिंदी बोलत या कुटुंबांनी घरात मराठी सांभाळली. त्यामुळे परमुलखात आपलेपण कसे टिकवावे, हा प्रश्न झाशीकर मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. या प्रश्नाचे एक उत्तर त्याच कोकणात, यहुदी धर्म पाळणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या इतिहासात सापडते.

या समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांच्या वंशजांनी गावोगाव तेलाचे घाणे चालवले, मराठी आपलीशी केली आणि गावांवरून रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे घेतली. शनिवार हा मात्र त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले.

ग्रंथ नव्हते, तेव्हा धर्म दिनचर्येत आणि स्वयंपाकघरात राहिला. मुलाची आठव्या दिवशी सुंता होई, खवले व पर नसलेला मासा वर्ज्य असे. एकच ईश्वर मानणारी ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना तेवढी मुखोद्गत राहिली आणि प्रत्येक मंगलकार्यात म्हटली गेली. सणांनाही मराठी नावे मिळाली. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या वेळी वालाचे बिरडे रांधले जाई. संदेष्टा एलियाच्या स्मरणार्थ पोहे, गूळ व खोबरे यांचा मलिदा आजही केला जातो.

पुढे डेव्हिड रहाबी या धर्मबांधवाने या रीतींवरून त्यांना यहुदी म्हणून ओळखले व धर्मशिक्षण दिले, असे परंपरा सांगते. 1796 मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ एकोणिसाव्या शतकात मराठी अर्थासह छापली गेली. पुढे बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. 1875 मध्ये हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. घराने जपलेल्या वारशाला आता शिक्षणाची जोड मिळाली.

1948 मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर समाजातील बहुतेक कुटुंबे टप्प्याटप्प्याने तिकडे गेली. तेथे हिब्रू ही व्यवहाराची भाषा झाली आणि मराठीच जपण्याची वस्तू ठरली. ज्या समाजाने मराठी मुलखात शतकानुशतके धर्म राखला, त्याने इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. नातवंडांच्या तोंडी मात्र आता प्रामुख्याने हिब्रू आहे.

झाशीतील मराठी घरांपुढेही हाच पेच आहे. शनिवारी घाणा थांबे, तेव्हा तो का थांबला हे घरातले मूल विचारी आणि त्याला उत्तर मिळे. घरात असे प्रश्न विचारले जावेत आणि शाळेत त्यांची उत्तरे सविस्तर मिळावीत, यातच मराठी शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचे प्रयोजन आहे.