जुने गाणे, नवा गळा

जुने गाणे नव्या पोरांनी गायले, की आम्हां म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. विलायतेत १९७९ साली कॉव्हेंट्रीच्या काळ्या-गोऱ्या पोरांनी जमेकाचे वीसेक वर्षांमागचे ‘स्का’ उचलले, वेग वाढविला, आणि ते घरोघर पोचले. घराण्याची विद्या परक्याला द्यावी काय, हा तर आमच्या ‘कट्यार काळजात घुसली’चाच झगडा! १९६७ सालच्या त्या नाटकाचे कर्ते दारव्हेकर मास्तर नागपूरचे. खाँसाहेब गाजविणारे वसंतराव देशपांडेही नागपुरातच शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. १९८३ साली वसंतराव गेले. २०१० साली नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले. ‘आजोबा ते आजोबाच,’ असे पुटपुटत मी खुर्चीत बसलो. तान आली, अन् शेजारचा कॉलेजातला पोरगा डोळे पुसू लागला. मी पुटपुटणे थांबविले.